बोटाएवढं पातं

मारलेल्या मूसच्या, म्हणजे उत्तरेकडच्या त्या अवाढव्य हरणाच्या, छातीत खांद्यापर्यंत हात गेलेला असतो. आत ऊब, वाफ, ओलं ओलं, आणि काहीही दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या जागी श्वासनलिका आणि अन्ननलिका चाचपून शोधायची आणि जितकी वरून जमेल तितकी वरून कापायची, डावा हात नळ्या धरून खाली ओढतोय आणि उजव्या हातात सुरी, म्हणजे दोन्ही हात आत आणि सुरीचं टोक कुठे आहे हे जरा चुकलं तर कापला जाणार तो आपलाच डावा हात. शिकारीची सुरी कशी निवडायची असं मला कोणी विचारलं की मी आधी ही जागा सांगतो. माझ्या तिन्ही सुऱ्यांचा निकाल इथेच लागला, दुकानात नाही.

मी मूळचा गुहागरकडचा, शिक्षण आणि पहिली नोकरी पुण्यात, आणि आता नऊ वर्षं झाली स्वीडनमध्ये फालुनला राहतोय. डालार्ना म्हणून प्रांत आहे त्यातलं हे गाव, तांब्याच्या खाणीचं. खाण १९९२ साली बंद झाली पण तिच्या मातीपासून होणारा तो गडद लाल रंग अजून स्वीडनभरच्या लाकडी घरांना लागतो, फोटोत बघितला असेल तुम्ही. गावाबाहेर पडलं की जंगल सुरू होतं आणि मग ते संपतच नाही. इथे शिकार हा राजेरजवाड्यांचा शौक नाहीये, आमच्या गल्लीतला प्लंबर, मुलीच्या शाळेतली बाई, दोन घरं सोडून राहणारे निवृत्त आजोबा, सगळे ऑक्टोबर आला की आठवडाभर रजा टाकून जंगलात जातात. कुठल्या भागात किती मोठी जनावरं आणि किती पिल्लं मारायची हे आधी ठरलेलं असतं, परीक्षा दिल्याशिवाय बंदूक हातात मिळत नाही, आणि जनावर जखमी होऊन पळालं तर माग काढणारा शिकवलेला कुत्रा दोन तासांत तिथे पोचेल अशी सोय आधीच करून ठेवावी लागते, तसा कायदा आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली ते फार बरं झालं असं मी मानतो आणि गावाला गेलो की कोणी रानडुकराच्या गोष्टी रंगवून सांगायला लागलं तर तसं बोलूनही दाखवतो. इथली गोष्ट वेगळी आहे. मूस भरपूर आहेत, पाइनचे कोवळे शेंडे खाऊन जंगलाचं नुकसान करतात, रस्त्यात गाड्यांसमोर येतात, आणि मारलेल्या जनावराचं मांस वर्षभर घरोघरी खाल्लं जातं. मी ह्यात पडलो तो मांसासाठीच. कोकणातला माणूस, मासळी स्वतः निवडून, स्वतः साफ करून खाणाऱ्या घरातला. जे खातो ते कुठून येतं हे हाताला माहीत असावं असं मला पहिल्यापासून वाटतं.

पण सुरी मला माहीत नव्हती. हे इथे आल्यावर कळलं.

आमच्या घरात कापण्याचं खरं काम विळीवर व्हायचं. एक चाकू होता, पाव कापायला आणि सुतळ्या तोडायला, बस. आजी विळीच्या पाटावर पाय दाबून बसायची आणि बांगडा असो, सुरमईचा तुकडा असो, दुधी असो, वस्तू दोन्ही हातांत धरून पात्याकडे न्यायची. पातं जागचं हलत नाही, हलते ती वस्तू. ही इतकी रोजची गोष्ट की तिच्याकडे कधी बघितलंच नाही. सुरीचा व्यवहार बरोबर उलटा, वस्तू पडून राहते आणि पातं फिरतं, पातं फिरायचं तर ते हातात धरायला पाहिजे आणि हातात धरायचं म्हणजे मूठ आली. विळीला मूठच नसते हो. कोयत्याला असते, पण कोयता वजनावर चालतो, हात वर नेऊन सोडून द्यायचा, नारळ सोलणाऱ्या गड्याच्या कमरेला आकडी आणि आकडीला कोयता, तो मुठीची चिकित्सा करत बसत नाही. बारीक काम, बोटांच्या टोकांचं काम, हे आमच्याकडे सगळं विळीवर, पातं जमिनीला बांधलेलं ठेवून. त्यामुळे हातातल्या छोट्या सुरीकडे बघायची नजरच माझ्याजवळ नव्हती.

म्हणून पहिली सुरी मी फोटो बघून घेतली. परीक्षा पास झालो त्याच आठवड्यात, ऑनलाइन. पातं १५ सेंटिमीटर लांब, ५ मिलिमीटर जाड, पाठीवर करवतीसारखे दात, काळी भरभक्कम मूठ, म्यानात वर एक छोटा धार लावायचा दगड पण. हातात घेतली की वजन जाणवायचं आणि ते वजन मला आवडायचं. तयारीचा माणूस वाटायचं.

पहिल्याच मोसमात आमच्या टोळीला (इथे याक्टलाग म्हणतात, दहा-बारा जणांची एकत्र शिकार करणारी मंडळी) एक मादी मिळाली आणि आजोबांनी मला सांगितलं, ये, पोट तू उघड. हे आजोबा म्हणजे आमचे शेजारी, पंच्याहत्तरी ओलांडलेले. स्वीडनमध्ये सगळे सगळ्यांना नावाने एकेरी हाक मारतात, मी पण मारतो, पण मनात ते माझे आजोबाच आहेत आणि मराठीत लिहिताना अहो-जाहोच येतं. तर जनावर पाठीवर उताणं केलेलं असतं. बरगड्यांच्या खाली चामडीला एक छोटी भेग पाडायची, त्यातून डाव्या हाताची दोन बोटं आत सरकवून चामडी आणि पोटाचा पडदा आतड्यांपासून वर उचलून धरायचा आणि त्या दोन बोटांच्या मधून, धार आकाशाकडे करून, सुरी हळूहळू पुढे न्यायची. खाली लगेच मोठं जठर फुगलेलं असतं, ताणलेल्या फुग्यासारखं. मी बोटं घातली, सुरी लावली आणि वीतभर गेलो असेन नसेन तेवढ्यात फस्स झालं. माझं लक्ष बोटांपाशी होतं आणि पात्याचं टोक बोटांच्या चांगलं सात-आठ सेंटिमीटर पुढे, तिथे काय चाललंय ते मला कळत नव्हतं, कळायला काही मार्गच नव्हता. जठरातला अर्धवट पचलेला हिरवा लगदा आत सांडला. तो वास ज्याने घेतलाय त्याला सांगायला नको. कोणी काही बोललं नाही. आजोबा पुढे आले, मला बाजूला सरकायची खूण केली, स्वतःची सुरी काढली आणि उरलेलं काम केलं, नंतर शेडवर गेल्यावर खराब झालेलं मांस खरवडून, कापून टाकून दिलं, ते किती होतं ते मी बघितलं. एक जीव घेतलाय आणि माझ्या हौशीच्या सुरीपायी त्यातला भाग फुकट गेला. ती रात्र मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीच्या मागच्या फळीवर बसून आजोबांनी त्यांची सुरी माझ्या हातात दिली. मूठ बर्चच्या लाकडाची, काळपट झालेली. पातं मुळात किती रुंद असेल देव जाणे, घासून घासून करंगळीएवढं उरलेलं. ते म्हणाले मूठ धर आणि पहिलं बोट पाठीवर ठेव, लांब कर. मी केलं. माझ्या बोटाचं टोक पात्याच्या टोकाच्या दोनेक सेंटिमीटर अलीकडे आलं. आता डोळे मिट, म्हणाले, आणि टोक कुठे आहे सांग. मी सांगू शकलो. म्हणजे सांगायची गरजच नव्हती, ते माझं बोटच होतं, जरा पुढे वाढलेलं आणि धार लावलेलं. मग त्यांनी माझी सुरी पुढे केली आणि म्हणाले हेच हिच्यावर कर. पाठीवर दात. बोट ठेवलं की टोचतात. मी त्या सुरीवर इतके पैसे घातले होते आणि जिथे बोट ठेवायचं नेमकी तीच जागा तिने माझ्यापासून काढून घेतली होती.

तेव्हापासून मला कोणी विचारलं की पातं किती लांब असावं, तर मी सेंटिमीटर सांगत नाही. आपल्या पहिल्या बोटापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर जास्त, एवढंच. माझ्या हाताला ते ९ ते १० च्या मध्ये येतं. माझ्या बायकोच्या हाताला ८ पुरतं. आणि मूस हे चारशे-पाचशे किलोचं जनावर असतं त्याला एवढीशी सुरी कशी पुरेल असं वाटतं ना, मलाही वाटायचं. पण जनावर मोठं असलं तरी आपण कापतो काय, तर चामडी, पडदे, सांध्यातले स्नायुबंध, नळ्या. ह्यातलं काहीही पात्याच्या लांबीपेक्षा जाड नसतं. हाडं कापायची तर करवत असते, खरी करवत, वेगळी.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सुट्टीत उत्तर इटलीत बोल्झानोला गेलो होतो. तिथल्या म्युझियममध्ये ओत्झी आहे, आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेला माणूस, साधारण ५३०० वर्षांपूर्वीचा. लोक त्याला बघायला रांग लावतात आणि मीही लावली, पण मला खिळवून ठेवलं ते त्याच्या सामानाने. त्याच्याकडे तांब्याची कुऱ्हाड होती, धनुष्य होतं, बाण होते आणि एक सुरी होती. गारगोटीच्या दगडाचं छोटं पातं, ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची मूठ, लिंडेन झाडाच्या सालीच्या धाग्यांचं विणलेलं म्यान. मुठीपासून टोकापर्यंत सगळी मिळून १३ सेंटिमीटर. सगळी मिळून! शिवाय धार काढायला लाकडाच्या कांडीत शिंगाचा खिळा बसवलेलं एक हत्यार, पेन्सिलीसारखं दिसणारं. अभ्यासकांनी पात्यांच्या कडा तपासल्यात आणि मरायच्या थोडे दिवस आधी त्याने आपली हत्यारं पुन्हा धारेला लावली होती हे त्यावरून कळलंय. डोंगरात एकट्याने फिरणारा, जनावरं मारून खाणारा माणूस, ज्याला जे लागेल ते पाठीवर वाहायचं, त्याने एवढीशी सुरी जवळ ठेवली होती. मी त्या काचेसमोर बोट आडवं धरून अंदाज घेतला, बायको म्हणाली काय करतोयस, मुली बघतायत. पण मला तेव्हा आजोबांची गाडीची फळी आठवत होती.

दुसरी सुरी मी नाताळच्या बाजारात घेतली, इथल्याच एका कारागिराकडून. पातं ९ सेंटिमीटर, मूठ मसूर बर्चची, म्हणजे ज्या बर्चच्या लाकडात आतून ढगांसारखी नक्षी येते ती, आणि मुठीच्या टोकाला रेनडिअरच्या शिंगाचा तुकडा. उत्तरेकडच्या सामी लोकांच्या सुऱ्यांना असतं तसं शिंगकाम. फार सुंदर वस्तू. हातात घेतली की मूठ मधे जरा फुगीर, तळव्याच्या खोलगट भागात बरोबर बसणारी. मुठीचं महत्त्व मला तिने शिकवलं. बाजारात उभं राहून सुरी निवडताना सगळे पात्याकडे बघतात, मी पण बघायचो, पण दोन तास काम केल्यावर दुखतो तो तळवा, आणि चरबी-रक्ताने हात बुळबुळीत झाला की घसरतं ते मुठीवरून. बोट घसरून धारेवर जाऊ नये म्हणून पुढे छोटा उंचवटा पाहिजे, पण खूप मोठा नको, नाहीतर बोट पाठीवर न्यायला तो आडवा येतो. मूठ चार बोटं आणि वर जरा जागा एवढी लांब असावी, थंडीत हातमोजा घालूनही धरता आली पाहिजे. दुकानात हातमोजा घेऊनच जा, खरंच सांगतो.

ती सुरी हरवली. लिंगोनच्या झुडपात जनावर साफ करत होतो, पाच वाजून गेलेले, ऑक्टोबरात तेव्हा अंधारून यायला लागतं, नळी बांधायला दोरी हवी होती म्हणून सुरी क्षणभर खाली ठेवली. तपकिरी मूठ, तपकिरी पानं, शेवाळ. पाच जणांनी टॉर्च लावून तासभर शोधली. दुसऱ्या दिवशी मी एकटा जाऊन पुन्हा शोधली. नाही मिळाली. अजून त्या जागेवरून गेलो की नजर खाली जाते. इथले बरेच शिकारी केशरी मुठीची सुरी वापरतात ते मला आधी भडक, प्लास्टिकी वाटायचं.

तिसरी सुरी मोराची.

मोरा हे गाव फालुनपासून गाडीने तासा-सव्वातासावर, सिल्यान सरोवराच्या काठी, आणि त्याच्या शेजारची ओस्तनोर म्हणून वाडी आहे तिथे कैक पिढ्या सुऱ्या बनतात. फ्रोस्ट-एरिक एरसन नावाचा माणूस अमेरिकेतून परत आला आणि त्याने १८९१ साली तिथे कारखाना काढला, आधी लाकडं ओढायच्या घसरगाड्या आणि मग सुऱ्या. डालार्नाचा तो लाल लाकडी घोडा, जो स्वीडनहून येणारा प्रत्येक जण भेट म्हणून आणतो, तो ह्याच भागातला, थंडीच्या लांब रात्रींत लोक बसून सुरीने कोरायचे. म्हणजे ही सुरी काही मुद्दाम शिकारीची नाही. सुतार वापरतो, वायरमन वापरतो, शाळेत पोरांना लाकूडकाम शिकवताना हातात देतात, हार्डवेअरच्या दुकानात खोक्यात भरून ठेवलेल्या असतात आणि किंमत इतकी कमी की हरवली तर जीव जात नाही. मी घेतली ती साधीच, केशरी रबरी मुठीची, पातं जेमतेम १० सेंटिमीटर, जाडी अडीच मिलिमीटर, प्लास्टिकचं म्यान. पाठ सपाट, बोट ठेवायला मोकळी.

पोलादाचा प्रश्न मात्र मी बरेच दिवस घोळवत होतो. दोन प्रकार मिळतात, एक साधं कार्बन पोलाद आणि एक स्टेनलेस. आजोबांचं कार्बनचं. ते म्हणतात धार लवकर चढते आणि हाताला कळते. खरं आहे. पण त्याला रक्त लागलं आणि तासभर तसंच राहिलं की डाग, रात्रभर राहिलं की गंज. माझ्या आजीची विळी लोखंडाची, कच्ची केळी चिरली की काळी पडायची, मग ती राखेने घासायची, कोरडी करायची आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवायची, रोज, न चुकता, जेवणं झाल्यावर. आजोबा पण तसेच आहेत, जंगलातून आले की आधी सुरी, मग स्वतःचे बूट. मी दमून आलो की पोरींना आंघोळ, जेवण, झोप ह्यात सुरी पिशवीत राहून जाते. म्हणून मी स्टेनलेस घेतलं, आणि जो माणूस आपल्या घरातल्या संध्याकाळी ओळखून पोलाद निवडतो तो चुकत नाही असं माझं मत झालंय, इंटरनेटवर कुठल्या पोलादाची धार किती दोरखंड कापून टिकली ते बघून निवडण्यापेक्षा.

ह्या स्टेनलेसचं नाव १२सी२७. त्यात कार्बन ०.६ टक्के आणि क्रोमियम साडेतेरा टक्के, कार्बनमुळे कडक होतं आणि क्रोमियममुळे गंजत नाही. ते कुठून येतं हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून बायकोला सांगायला गेलो. सँडविक! पुण्याला असताना रोज दापोडीवरून जायचो, तिथे सँडविकचा कारखाना, ती पाटी मी शेकडो वेळा वाचली असेल आणि ते एखाद्या गावाचं नाव असेल असं कधी डोक्यातही आलं नाही. सान्डवीकेन हे गाव आमच्यापासून पूर्वेला तासाभरावर आहे. वाटेत एडस्केन म्हणून ठिकाण लागतं, तिथे योरान्सन नावाच्या माणसाने १८५८ साली बेसेमरची पद्धत, म्हणजे वितळलेल्या बिडातून हवा फुंकून पोलाद करायची युक्ती, पहिल्यांदा नीट चालवून दाखवली. खुद्द बेसेमरला तोवर ती धड साधत नव्हती. मग १८६२ ला त्याने सान्डवीकेनचा कारखाना काढला. तर पुण्याच्या बसमधून बघितलेली ती पाटी आणि माझ्या कमरेची सुरी एकाच गावातून निघालेली. मला ह्याचा फार आनंद झाला, का ते नीट सांगता येणार नाही.

आता हिच्यात कमी काय ते पण सांगायला पाहिजे. मोराच्या पात्याला धारेचा उतार एकच असतो, पात्याच्या मधल्यापासून सरळ खाली धारेपर्यंत, चपटा. लाकडावर तो उतार टेकवला की सुरी आपोआप बरोबर कोनात बसते, म्हणून लाकूड तासायला तिच्यासारखी नाही. पण मऊ मांसात आणि चामडी सोलताना तो उतार खांद्यासारखा जरा अडतो. सोलायला पोटाशी गोलाई असलेलं, पातळ होत गेलेलं पातं चांगलं. मी सोलायची वेगळी सुरी शेडवर ठेवलीये, जंगलात नेत नाही, कारण जंगलात आपण सोलत नाही. जागेवर फक्त पोट साफ करायचं आणि मग लोखंडी घोड्यावरून, म्हणजे पट्ट्यावर चालणाऱ्या त्या छोट्या ओढगाडीवरून, जनावर बाहेर आणायचं. काही जण पोट उघडायला टोकाला छोटा बोथट गोळा असलेलं खास पातं वापरतात, जठर फुटू नये म्हणून. चांगली सोय आहे, नवीन माणसाने वापरावं. मी दोन बोटांवर राहिलो, मला ती गोष्ट बोटांनीच शिकायची होती.

आणि घडीची सुरी का नाही, हा प्रश्न पुण्याचा माझा मित्र दर फोनला विचारतो. घडीच्या सांध्यात रक्त आणि चरबी जाते, ती निघत नाही, दोन दिवसांनी वास येतो. ज्या हत्याराने अन्न कापायचं ते एका उकळत्या पाण्याच्या भांड्यात स्वच्छ झालं पाहिजे. एवढंच कारण.

धारेचं मात्र मी कोणाला सोपं करून सांगणार नाही, ती शिकायला मला अख्खा हिवाळा लागला. आजोबांच्या खोपटात पायाने फिरवायचा मोठा दगड आहे, ओर्साचा. ओर्सा मोराच्या वरचं गाव, तिथल्या तांबूस वाळूच्या दगडाची धारेची चाकं शेकडो वर्षं स्वीडनभर जायची. खाली पाण्याचं कुंड, दगड फिरताना ओला होत राहतो. त्या दगडावर फक्त वर्षातून एकदा, बाकी हातातल्या छोट्या दगडावर. उतार दगडावर सपाट टेकवायचा, बोटांनी दाबून धरायचा आणि पुढे न्यायचं, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, पलीकडच्या कडेवर बारीक कुसळ लागेपर्यंत. मग चामड्याच्या पट्ट्यावर उलट ओढून ते कुसळ काढायचं. माझ्या गावाला विहिरीच्या कठड्याला एक काळा दगड आहे, मधे खोलगट झालेला, तीन पिढ्यांचे कोयते घासून. मी त्यावर बसून पाय हलवायचो लहानपणी. आजोबांच्या हाताचा आवाज मला तोच येतो, तसाच, दोन घासण्यांच्या मधे जरा थांबून.

बोथट सुरीने जास्त कापतं असं लोक म्हणतात ते खरंच आहे, जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हात घसरतो. माझ्या डाव्या अंगठ्यावर त्याची खूण आहे, पहिल्याच सुरीची.

कायद्याचं एक सांगतो कारण विचारणा होते. स्वीडनमध्ये १९८८ च्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी कामाशिवाय सुरी बाळगता येत नाही, शिकारीवरून परतताना दुकानात जायचं तर मी ती काढून डिकीत ठेवतो. आपल्याकडे शस्त्र नियमांमध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे आणि त्यातूनही घरगुती, शेतीची हत्यारं वगळलेली आहेत. बोटाएवढं पातं त्याच्या जवळपासही जात नाही. तरी गड-किल्ल्यांवर जाताना म्यानात, पिशवीच्या तळाशी ठेवावं, कमरेला मिरवू नये असं मला वाटतं. बघणाऱ्याला आपलं मन दिसत नसतं.

गेल्या ऑक्टोबरात एक तरुण नर मिळाला, सकाळी नऊच्या सुमाराला, दव अजून गवतावर. आजोबा लांब एका ओंडक्यावर बसले, उठले नाहीत. मी पोट उघडलं, जठर अख्खं. पडदा कडेकडेने सोडवला. मग बाही वर करून हात आत घातला, डाव्या हाताला नळ्यांच्या कडक कड्या लागल्या, उजवा हात त्याच्या मागून, बोट पात्याच्या पाठीवर, आणि मला आत सगळं कळत होतं, टोक कुठे आहे, माझं दुसरं बोट कुठे आहे, मधे किती जागा आहे. दोन कापांत सुटलं. सगळं एकत्र खाली ओढून बाहेर आलं, स्वच्छ. आजोबांनी ओंडक्यावरून थर्मास उचलून दाखवला, कॉफी घ्यायला ये म्हणून.

मांस टांगून ठेवतात इथे, ४० अंश-दिवस, म्हणजे शेडमध्ये ८ डिग्री असेल तर ५ दिवस, ५ असेल तर ८. माझ्या वाट्याला आलेल्या खांद्याचा मी मालवणी मसाला घालून रस्सा केला आणि डबा आजोबांना दिला. दोनदा मागून नेला त्यांनी.

जानेवारीत गावी गेलो तेव्हा आईसाठी तशीच एक सुरी नेली, सामानाच्या बॅगेत घालून, निळ्या मुठीची. तिला सगळं समजावून सांगितलं, बोट पाठीवर कसं ठेवायचं, मूठ कशी धरायची. तिने हातात घेतली, धारेवरून अंगठा आडवा फिरवला, चांगली आहे म्हणाली, हलकी आहे. मी आंघोळीला गेलो. परत आलो तर ती ओटीवर सुपात फरसबी घेऊन बसली होती, मूठ उजव्या पायाच्या अंगठ्यात आणि बोटात घट्ट धरलेली, पातं उभं, धार स्वतःकडे, आणि दोन्ही हातांनी शेंगांची जुडी धरून त्यावर भराभर चिरत होती. न बघता, माझ्याशी बोलत. मी म्हटलं अगं आई, ती हातात धरायची असते. ती म्हणाली, "मग शेंगा कशात धरू?"